अकरा मशिनांचा जिम्मा

अहमदपूर
२० ऑगस्ट

दीपाली बाई,

आधी मामाचा आशीर्वाद घे, मग बाकीचं. फोनवर तू नुसतं 'हां मामा, हां मामा' करतीस आणि तिकडं गिऱ्हाइकाशी बोलतीस, म्हणून कागद लिहून राहिलो. सोबत डबी हाय, ती सांभाळून उघड.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला मला शाळेत स्टेजवर बसवलं होतं. शेषेराव सर, म्हणजे आपले हेडमास्तर, भाषणात म्हणले की कॉम्प्युटरच्या खोलीतली अकरा मशिनं लई हळू झालीत. बटण दाबून पोरं खिचडी खाऊन येतात, तरी मशीन सुरूच होऊन राहिलेलं असतं. शाळा समितीतला नरसिंग लगेच उठला. दिवाळीच्या सुट्टीला भंगारात घाला म्हणला, त्या खोलीत खिचडीचा तांदूळ तरी राहील. मला राहवलं न्हाई. माईक हातात घेतला अन् सांगितलं, अकराच्या अकरा मशिनींत नव्या जातीची डिस्क मी बसवून देतो, माझ्या आईच्या नावानं, दिवाळीच्या आत. टाळ्या लई पडल्या.

दुसऱ्याच दिवशी लातूरला जाऊन माल आणला. करंगळीएवढी हिरवी पट्टी हाय, एनव्हीएमई म्हणतात. सगळ्यात फास्ट कोणती म्हणून विचारलं तर दुकानदारानं हीच दिली. मशिनीच्या खाचेत बसवायचं कार्डपण दिलं. बसवलं. मशीन चालू होतं, पण त्या पट्टीवरून सुरू व्हायचं नाव घेत न्हाई. पट्टी त्याला दिसतच न्हाई.

माझं मत असं हाय की माल नासका हाय. एक पट्टी पाठवतोय. तू तपासून 'माल खराब' असं दोन ओळी लिहून दे, मग मी त्या दुकानदाराकडं बघतो.

तुझा मामा,
किशनराव


नांदेड
२६ ऑगस्ट

मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. दुकानदाराच्या अंगावर जाऊ नका, माल एकदम चांगला आहे. पट्टी माझ्या काउंटरवरच्या नव्या मशीनला लावली आणि चहाचा घोट घ्यायच्या आत ते सुरू झालं. शाळेची मशिनं बारा वर्षांची आहेत, त्यांना ही जात माहीतच नाही.

सरळ उपाय होता. या पट्ट्या परत करायच्या आणि वायरनं जोडायच्या साध्या एसएसडी घ्यायच्या. त्या जुन्या मशिनींना चालतात. पण डबी उघडली आणि मी कपाळावर हात मारला. कंपनीच्या लेबलावरच तुम्ही सोनेरी स्टिकर चिकटवलाय, 'कै. पार्वतीबाई यांच्या स्मरणार्थ'. अकराही पट्ट्यांना लावून मोकळे झाला असाल, मला माहीत आहे तुम्ही. आता जगातला कोणता दुकानदार त्या परत घेईल? देवळातल्या पंख्यावर नाव टाकतात तसं आजीचं नाव टाकलंत. आधी मला एक फोन केला असता तर काय बिघडलं असतं?

असो. एक वाट आहे. मशीनच्या बोर्डावर आठ पायांची एक चिप असते. बटण दाबलं की सगळ्यांत आधी ती जागी होते आणि सुरुवात कुठून करायची ते ठरवते. गावचा कोतवाल समजा. जुनी घरं त्याला तोंडपाठ, पण नवी वस्ती झालेली त्याला कुणी सांगितलंच नाही, मग तिथं तो हाक मारायला जाणार कसा? चिपेतला मजकूर बाहेर काढायचा, त्यात नव्या वस्तीचा पत्ता घालायचा आणि परत लिहायचा. कंपनी बारा वर्षांच्या मशीनसाठी हे करत बसत नाही. आपल्यालाच करावं लागतं.

मी हे आजवर दोनदा केलंय. एकदा जमलं, एकदा बोर्ड मेला. मेला तो माझाच होता म्हणून बोभाटा झाला नाही. माझ्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानाला अजून वर्ष झालेलं नाही, मामा. काउंटरवर मला बघून निम्मी माणसं विचारतात, 'मिस्त्री कुठं गेले?' शाळेची अकरा मशिनं माझ्या हातानं चालली तर हे विचारणं बंद होईल. आणि मेली तर दुकान बंद होईल, कारण असली बातमी अहमदपूरहून नांदेडला यायला वेळ लागत नाही. म्हणून जमेपर्यंत माझं नाव कुठं घेऊ नका, हात जोडते.

एका मशीनची चिप पाठवा. आधी वीज बंद करा, वायर काढा. चिप खोबणीत बसवलेली असते. दोन्ही टोकांनी थोडी थोडी उचला, एकदम ओढू नका. पाय वाकले तर मोडतात.

दीपाली


अहमदपूर
४ सप्टेंबर

दीपाली,

चिप पाठवून राहिलो. एक पाय जरा वाकला होता, मीच सरळ केला. तिला ठेवायला घरात बाकी काही नाजूक सापडेना, म्हणून तुझ्या मामीची नथीची डबी घेतली.

तुझं नाव घेऊ नको म्हणलीस. घेतलं न्हाई. फक्त शेषेराव सरांना सांगितलं. मग बसस्टँडवर दोघा-तिघांनी विचारलं, त्यांच्याशी खोटं कसं बोलू? मार्केट यार्डात एकानं विचारलं की हे काम करणार कोण, तर म्हणलं माझी भाची, आणखी कोण. बास, एवढंच. उगं गवगवा केला न्हाई.

अन् मेलं-बिलं असं कागदात लिहू नको. तू लहानपणी माझा रेडिओ उघडला होतास तेव्हा मी काही म्हणलो का? अजून चालून राहिला तो.

मामा

दीपाली, मी सिंधु मामी. हे सगळ्या गावाला सांगून बसलेत. मी नथ पदराला बांधून हिंडून राहिले, डबी लवकर पाठव.


नांदेड
१७ सप्टेंबर

मामा,

सुरू झालं.

भंगार बाजारात तीन चकरा मारून तुमच्या शाळेतल्यासारखाच बोर्ड मिळवला, कारण शाळेच्या मशीनवर मला शिकायचं नव्हतं. चिप वाचली. पोट गच्च भरलेलं, नवा मजकूर मावेना. शोधून शोधून त्याचाच एक आटोपशीर नमुना मिळाला, तो कसाबसा बसला. लिहिला, चिप लावली, बटण दाबलं तर पडदा काळा ठिक्कर. यांनी, म्हणजे शिवशंकरनी, विचारलं, 'जेवायला वाढू का?' तर मी त्यांच्यावरच खेकसले.

तुमच्या चिपेतला मूळ मजकूर मी आधी जपून ठेवलेला होता, त्यामुळे परत फिरता येत होतं. पुन्हा पहिल्यापासून केलं. मधली जी जागा रिकामी दिसते ती उगीच सोडलेली नसते, तिची हद्द हलवायची नसते, हे तिसऱ्या खेपेला लक्षात आलं. मग लागलं. आजीच्या नावाच्या पट्टीवरून बारा वर्षांचा बोर्ड उठला, आणि असा उठला की मी खुर्चीवरून उभी राहिले. काउंटरवर कुणीतरी चार्जर मागत होतं, त्यांना म्हणाले, थांबा जरा, आधी हे बघा. त्यांना काही कळलं नाही, तरी 'वा वा' म्हणाले बिचारे. मला माझाच अभिमान वाटला मामा, तुमच्यापासून काय लपवू.

सुरुवातीच्या यादीत पट्टीचं नाव भलतंच दिसेल, 'पाटा' असं काहीतरी. घाबरू नका, तीच ती.

आता उरलेल्या दहा चिपा पाठवा. एकेक वेगळ्या पुडीत, आणि पुडीवर कोणत्या मशीनची ते लिहा. दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येकीच्या पोटात तिच्या मशीनचा नंबर असतो. एकीचा दुसरीत गेला तर शाळेच्या नेटवर्कवर एकच नंबर सांगून दोघी भांडत बसतात.

मामींची डबी सोबत आहे.

दीपाली


अहमदपूर
२८ सप्टेंबर

दीपाली,

तुझा कागद मी दोनदा वाचला, मग मामीला वाचून दाखवला, मग शेषेराव सरांना. त्यांनी स्टाफरूममध्ये वाचला.

चिपा पाठवतोय. बियाण्याच्या पुड्या करतो तशा केल्यात. नंबर टाकले तर माझा घोळ होतो, म्हणून मशिनींना आपल्या रानांची नावं दिलीत. 'विहिरीकडचं', 'खडकाळ', 'चिंचेखालचं', 'रस्त्याकडचं', अशी. 'खडकाळ' मशिनीचं झाकणपण नीट बसत न्हाई, नाव बरोबर पडलं.

नरसिंग परवा यार्डात म्हणला, किशनराव, भाचीला मशिनं दुरुस्त करायला दिलीत की खेळायला. मी म्हणलो, दसऱ्यानंतर बोलू.

मामा


नांदेड
८ ऑक्टोबर

मामा,

अकराही झाल्या. एकेक चिप माझ्या बोर्डावर लावून, सुरू करून, मग पुडीत घातलीय, आणि माझ्याकडची पट्टीही सोबत आहे. 'विहिरीकडचं' पहिल्या झटक्यात झालं, 'चिंचेखालचं'नं फार छळलं. नरसिंगकाकांना सांगा, खेळून झालं.

बसवताना एकच लक्षात ठेवा. चिपेच्या कोपऱ्यात बारीक ठिपका आहे, तो खोबणीच्या खाचेकडे हवा. चारी बाजूंनी सारखं दाबा. दसऱ्याला बसवा, मुहूर्त चांगला आहे. मी आले असते, पण सणाच्या तोंडावर काउंटर बंद ठेवलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं.

फोन लावू नका, पत्रच लिहा. सगळं व्यवस्थित लिहा, कोण काय म्हणालं ते. मला ते वाचायचंय.

दीपाली


अहमदपूर
१४ ऑक्टोबर

दीपाली,

इकडं सगळं ठीक हाय. मशिनं दसऱ्याला बसवली. थोडी अडचण हाय, दोन चालतात, बाकीची जरा वेळ घेऊन राहिलीत. तू काळजी करू नको. सोयाबीन काढायला आलंय, ते झालं की बघू. दुकान नीट चालव.

मामा

दीपाली, मामी लिहितेय. मामाच्या कागदावर जाऊ नको. नऊ मशिनी मेल्यागत काळ्या हायत. नरसिंगनं लातूरहून कुणी जाणकार माणूस आणला. त्यानं उभ्याउभ्या टॉर्च मारला आणि म्हणला, न येणाऱ्यानं चिपांत हात घातलाय, बोर्डं गेली, भंगारात घाला. समितीच्या बैठकीत नरसिंगनं तुझं नाव घेतलं. तर मामा सगळ्यांसमोर उभे राहून म्हणले, 'माझ्या भाचीचं काम चुकत न्हाई. बिघडलं असंल ते माझ्या हातानं.' नरसिंगनं विचारलं, काय बिघडवलं ते तरी मालूम हाय का? मामा म्हणले, 'न्हाई मालूम. पण माझ्याच हातानं.' घरी आल्यापासून ताट पुढं सारून उठतात. पंचवीस तारखेला शाळेचा शेवटचा दिवस, त्या दिवशी भंगाराचा टेम्पो यायचाय.


नांदेड
१६ ऑक्टोबर

मामा,

तुम्ही मला 'थोडी अडचण' लिहिलंत. मामी नसत्या तर मला टेम्पो निघून गेल्यावर कळलं असतं.

मला तुमचा राग आलाय आणि रडूही येतंय. तुम्ही चिपा फक्त खोबणीत दाबल्यात. त्यात काय बिघडणार? चूक झाली असेल तर लिहिण्यात, आणि लिहिणारी मी. माझ्या बोर्डावर चालल्या म्हणून शाळेतल्यावर चालतीलच असं मी धरून चालले, आणि तिथंच मी चुकले असणार. तुम्ही कशाला मधे पडलात? उद्याच समितीत जा आणि सांगा, दीपालीनं बिघडवलं. माझी चूक तुमच्या अंगावर घालून मला दुकान चालवायचं नाही. लोकांना मिस्त्री हवा असेल तर खुशाल शोधू द्या.

पण भंगारात घालायच्या आधी त्या नऊ चिपा मला एकदा परत पाठवा. मिळेल त्या बसनं. मूळ मजकूर माझ्याकडे आहे. निदान मशिनं पहिल्यासारखी करून देते. हळू तर हळू, चालू तरी राहतील.

आणि जेवा. तुम्ही उपाशी राहून बोर्ड उठणार नाहीत.

दीपाली


नांदेड
१९ ऑक्टोबर

मामा,

डबा मिळाला. आत तुमची चिठ्ठी नव्हती, म्हणजे रुसलात. आता रुसवा बाजूला ठेवा आणि मला सांगा, चिपांच्या पायांना कुंकू कुणी लावलं?

मी पहिली चिप भिंगाखाली धरली आणि आधी वाटलं गंज आहे. नखानं खरवडलं. लाल. वास घेतला, हळद. नऊच्या नऊ चिपा तशाच. पाठीवर ठसठशीत टिळा, आणि टिळा ओघळून पायांत उतरलेला, वाळून कडक झालेला. खोबणीतही तसंच असणार. पाय खोबणीला टेकतच नाहीत मामा, मशीन सुरू होईल कसं?

खंडेनवमीला तुम्ही शाळेत पूजा मांडली असणार. ट्रॅक्टरला लावता, नांगराला लावता, विळ्या-कुदळीला लावता, मग आईच्या नावाच्या मशिनींना कसं सोडाल. आणि मामींच्या करंड्यातलं कुंकू दोन चिपा राहिल्या असताना संपलं असेल. त्याच दोन चालल्या. बरोबर आहे ना?

मी आधी इतकी हसले की शिवशंकर वरच्या घरातून धावत आले. मग डोळ्यांना पदर लावला. तीन दिवस मी स्वतःला शिव्या देत होते. मजकुरात काडीची चूक नव्हती. चिपा स्पिरिटनं धुतल्या, ब्रशनं पाय साफ केले, बोर्डावर लावल्या, नऊच्या नऊ सुरू. आणि गंमत बघा, बैठकीत काही माहीत नसताना तुम्ही जे बोललात तेच खरं निघालं.

सोबत स्पिरिटची बाटली आणि मऊ ब्रश पाठवतेय. वीज बंद करून खोबणी घासा, दिवसभर पंख्याखाली वाळू द्या, मगच चिपा बसवा. तुमचा हात चांगला आहे, आजवर एकही पाय मोडला नाहीत.

आणि हे कुंकवाचं कुणाला सांगू नका. समितीनं विचारलं तर म्हणा, पावसाळ्याची ओल आली होती, काढली. ओल कुणाकडेही येते. तुम्ही चारचौघांत मानानं वावरणारे आहात, नरसिंगकाकांना जन्मभराचं हसायला देऊ नका. मामींनाही तसंच सांगा.

दीपाली


अहमदपूर
२६ ऑक्टोबर

दीपाली बाई,

आज सगळं व्यवस्थित लिहितो, कोण काय म्हणलं त्याच्यासकट. तुला वाचायचं होतं ना.

तू ओळखलंस ते तंतोतंत. कुंकू मीच लावलं. तुझ्या मामीनं पाण्यात कालवून वाटी दिली होती, अन् मी पाठीला टिळा लावून वर हळद लावली. 'रस्त्याकडचं' अन् 'विहिरीकडचं' राहिली, वाटी संपली. तुझा कागद मी वसरीवर बसून मामीला वाचून दाखवला. मामी तोंडाला पदर लावून आत गेली ती हसायलाच गेली, मला ऐकू येत होतं.

तू सांगितलं तसं खोबण्या घासल्या, वाळवल्या, चिपा बसवल्या. कालच्या कार्यक्रमाला सगळे होते. समिती, मास्तर, पोरांचे आई-बाप. फाटकात भंगाराचा टेम्पो येऊन थांबलेला. शेषेराव सरांनी सगळ्यांना खोलीत नेलं, जे मावले न्हाईत ते खिडक्यांना उभे राहिले. सर म्हणले, किशनराव, बटण दाबा. मी म्हणलो, पोरांना दाबू द्या, त्यांचंच हाय. अकरा पोरींनी एकदम दाबलं.

दीपाली, मी जत्रा बघितल्या, दोन लेकींची लग्नं केली, पण असं कधी झालं न्हाई. सगळे पडदे एकदम उजळले. पहिलं 'खडकाळ' उजळलं, झाकण न बसणारं. एक पोरगी म्हणली, 'सर, एवढ्यात झालं?' खिडकीतून जो गलका झाला तो ऐकायला तू पाहिजे होतीस. टेम्पोवाला खाली उतरून बघून गेला, अन् रिकामा टेम्पो घेऊन परत गेला.

मग स्टेजवर माझा सत्कार ठेवला. शाल घातली. नरसिंगनं स्वतः घातली, माणूस वाईट न्हाई. पण माईकवर तो म्हणला, 'आधी भाचीच्या हातून बिघडलं होतं, पण किशनरावांनी दुरुस्त करून घेतलं, त्यांचं अभिनंदन.' त्यानं चांगल्या मनानंच म्हणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण हात जोडले अन् खाली बसलो.

बसलो, पण बसवेना. ती शाल मला टोचायला लागली. तू ओल म्हणून सांगा म्हणलीस, आणि त्यांनी तर कारणसुद्धा विचारलं न्हाई. गप बसलो असतो तर माझं सगळं गोड होतं. पण उद्या हीच माणसं नांदेडला जातील, तुझ्या काउंटरवर येतील, अन् मनात म्हणतील, हिच्या हातून एकदा बिघडलं होतं.

मी उठलो, माईक घेतला. सांगितलं, खंडेनवमीला मी चिपांना ओलं हळद-कुंकू लावलं, ते पायांत उतरलं, म्हणून नऊ मशिनं बंद पडली. सगळं सांगितलं, वाटी संपल्याचंपण सांगितलं. आधी कुणाला समजलं न्हाई. मग मागच्या रांगेत एक बाई हसली. मग सगळं मैदान हसलं. मास्तर हसले, पोरं हसली, नरसिंग तर खुर्चीला धरून हसला. एवढ्या वर्षांत या गावात माझ्यावर कुणी हसलेलं न्हाई. तरी माईक सोडला न्हाई. त्यांचं हसून होऊ दिलं.

मग म्हणलो, 'आता नीट ऐका. बिघडवलं ते मी. केलं ते दीपालीनं, माझ्या भाचीनं. तिच्या कामात एक चूक नव्हती. तिचं दुकान नांदेडला हाय अन् तिथं मिस्त्री तीच हाय.' पुन्हा कुणी हसलं न्हाई.

आज सकाळी दूध घालायला गेलो तर पोरं म्हणतात, कुंकूवाले आजोबा आले. म्हणू दे. तू सांगू नका म्हणली होतीस, मी ऐकलं न्हाई, राग मानू नको. माझी इज्जत जुनी हाय बाई, थोडी झिजली तरी चालतंय. तुझी आत्ता कुठं उगवून राहिली.

तुझा मामा,
किशनराव